सार्वजनिक स्वयंपाकघरांचा स्थानिक अन्नपुरवठा: कार्बन परिणाम मोजण्याची पद्धत

शाळा, रुग्णालये, वसतिगृहे, वृद्धाश्रम आणि कारागृहे यांच्या स्वयंपाकघरांत रोज शिजणारे अन्न सार्वजनिक पैशातून विकत घेतले जाते, आणि ते खाणाऱ्याला बहुधा निवडीची मुभा नसते. म्हणूनच या खरेदीविषयी केलेला प्रत्येक दावा तपासता येईल असा असायला हवा. ‘स्थानिक माल घेतल्याने कार्बन उत्सर्जन घटते’ हा असाच एक दावा आहे. तो निविदांत, धोरणांत आणि वार्षिक अहवालांत सर्रास आढळतो, पण त्याच्या पाठीशी मोजमाप क्वचितच असते. कधी तो खरा ठरतो, कधी अंशतः खरा असतो, तर कधी साफ उलटतो. यातली कोणती स्थिती आपल्या स्वयंपाकघराची आहे हे कसे शोधायचे, त्याची पद्धत या लेखात पायरीपायरीने मांडली आहे.

विषय मोठा का आहे, ते आधी पाहू. युरोपीय आयोगाचे संयुक्त संशोधन केंद्र आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे ३४ टक्के वायू अन्नव्यवस्थेतून येतात. त्यात शेतापासून कचऱ्यापर्यंतचे सगळे टप्पे धरले आहेत. मात्र या भारात वाहतुकीचा वाटा किती, यावर आकडे जुळत नाहीत. पूअर आणि नेमेचेक या संशोधकांच्या २०१८ मधील विस्तृत अभ्यासात, ज्यात ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती होती, हा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास निघाला. २०२२ मधील दुसऱ्या एका अभ्यासात तो सुमारे १९ टक्के निघाला, कारण तिथे खते, यंत्रे आणि पशुखाद्य यांची वाहतूकही हिशेबात घेतली होती. म्हणजे सीमारेषा कुठे आखली यावर उत्तर तिपटीने बदलले. आपल्या मोजणीतही नेमके हेच होऊ शकते, आणि म्हणून आकडेमोडीला हात घालण्याआधी दोन पायऱ्या निव्वळ विचाराच्या आहेत.

पायरी १: प्रश्न आणि ‘स्थानिक’ची व्याख्या लेखी ठरवा

मोजणीतून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात. पहिला प्रश्न हिशेबाचा आहे: गेल्या वर्षी आपण विकत घेतलेल्या अन्नामुळे एकूण किती उत्सर्जन झाले? दुसरा बदलाचा आहे: अमुक माल दूरच्या पुरवठादाराऐवजी जवळच्या शेतकऱ्यांकडून घेतला, तर उत्सर्जन किती घटेल किंवा वाढेल? पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. वार्षिक बेरीज कमी झाली म्हणजे ती स्थानिक खरेदीमुळेच कमी झाली असे सिद्ध होत नाही. बहुतेक अहवालांचा घोटाळा इथेच होतो. आपल्याला कोणते उत्तर हवे आहे हे कामाच्या पहिल्याच पानावर एका वाक्यात लिहून ठेवावे.

त्यानंतर ‘स्थानिक’ची व्याख्या करावी. काही जण ती अंतराने करतात, काही प्रशासकीय हद्दीने, तर काही मधल्या हातांच्या संख्येने. ब्राझीलच्या २००९ च्या शालेय आहार कायद्याने केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के हिस्सा कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडून खरेदी करण्यासाठी राखला. तिथला मुख्य निकष अंतर नसून शेतकऱ्याचे स्वरूप आहे. अशा प्रत्येक व्याख्येमागचा हेतू रास्त आहे, पण कार्बनच्या दृष्टीने त्यांचे अर्थ वेगळे होतात. आणखी एक बाब काटेकोरपणे पाहावी: माल कुठे पिकला, कुठे दळला किंवा प्रक्रिया झाला आणि कुठे पिशवीत भरला ही तीन ठिकाणे वेगळी असू शकतात. जवळच्या गिरणीतून आलेल्या पिठाचा गहू दुसऱ्या देशात पिकलेला असू शकतो. शेजारच्या फार्मची अंडी स्थानिक म्हणवली जातात, पण त्या कोंबड्यांच्या खाद्यातला सोयाबीन समुद्र ओलांडून आलेला असेल तर अंड्याच्या उत्सर्जनाचा मोठा हिस्सा त्या सोयाबीनच्या शेतात झालेला असतो. ‘मूळ पिकाचे ठिकाण’ हा रकाना म्हणूनच नोंदवहीत सुरुवातीपासून हवा.

पायरी २: सीमा, एकक आणि वायू

खरेदी केलेल्या अन्नाचे उत्सर्जन संस्थेच्या स्वतःच्या चिमणीतून बाहेर पडत नाही. हरितगृह वायू नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार ते व्याप्ती ३ मध्ये, म्हणजे पुरवठा साखळीतल्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात मोडते. या व्याप्तीचे प्रमाणक २०११ मध्ये आले आणि त्यात १५ वर्ग आहेत. आपल्याला त्यांतले मुख्यतः तीन लागतात: खरेदी केलेला माल, त्याची आपल्यापर्यंतची वाहतूक आणि कामकाजातून निघणारा कचरा. संस्थेत जळणारा स्वयंपाकाचा गॅस व्याप्ती १ मध्ये (थेट उत्सर्जन) आणि विकत घेतलेली वीज व्याप्ती २ मध्ये जाते. एखाद्या पदार्थापुरती मोजणी करायची असेल तर आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे (आयएसओ) १४०६७ हे प्रमाणक उपयोगी पडते. सार्वजनिक स्वयंपाकघरासाठी ‘शेतापासून ताटापर्यंत आणि ताटातून उरलेल्या कचऱ्यापर्यंत’ ही सीमा घ्यावी असे माझे मत आहे. यापेक्षा आखूड सीमा घेतली तर नासाडी दिसत नाही, आणि नासाडी दिसली नाही तर निम्मे निर्णय चुकतात.

एकक निवडताना केवळ किलोग्रॅमवर विसंबू नये. एक किलो पालेभाजी आणि एक किलो डाळ यांची पोषणमूल्ये सारखी नसतात, त्यामुळे किलोमागच्या तुलनेत पाण्याने भरलेला पदार्थ नेहमीच पुण्यवान ठरतो. संस्थेला लागू असलेला पोषणाचा निकष पूर्ण करणारे एक ताट हे मुख्य एकक धरावे. जोडीला प्रति १०० ग्रॅम प्रथिने आणि प्रति १,००० किलोकॅलरी ही दोन दुय्यम एकके ठेवावीत.

शेतीच्या उत्सर्जनात कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीने मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड येतात. तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापमानवाढ एखादा वायू करतो हे त्याचा गुणक सांगतो, आणि त्याने गुणून मिळालेल्या वजनाला कार्बन डायऑक्साइड समतुल्य म्हणतात. हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १०० वर्षांच्या कालावधीसाठी जैविक मिथेनचा गुणक २७ आणि नायट्रस ऑक्साइडचा २७३ आहे. पाचव्या अहवालात हेच आकडे २८ आणि २६५ होते. कोणताही संच वापरा, पण दोन वर्षांच्या तुलनेत दोन वेगळे संच वापरू नका. भात, दूध आणि मांस यांचे प्रमाण जास्त असेल, तर २० वर्षांच्या कालावधीचा मिथेन गुणक (सुमारे ८०) लावून एक समांतर बेरीज करून ठेवावी. ती मुख्य निकालात मिसळू नये.

पायरी ३: खरेदीची वजने गोळा करा

या पायरीला सर्वाधिक वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा. लेखा विभागाकडे रकमा असतात, पण आपल्याला वजने लागतात. रुपये किंवा डॉलर यांवरून उत्सर्जन काढण्याच्या पद्धती आहेत, परंतु त्यांत भाव वाढला की उत्सर्जनही वाढल्यासारखे दिसते. जवळच्या लहान शेतकऱ्याला चांगला भाव दिला, तर ही पद्धत त्या चांगल्या भावालाच प्रदूषण म्हणून मोजते. स्थानिक खरेदीच्या प्रश्नाला ती सर्वस्वी अपात्र आहे.

किमान सलग बारा महिन्यांची बिले, चलने आणि भांडार नोंदवही घ्यावी, कारण एका ऋतूचे आकडे दुसऱ्या ऋतूबद्दल काहीच सांगत नाहीत. प्रत्येक नोंदीपुढे पदार्थ, वजन, पुरवठादार, पिकाचे ठिकाण, माल ताजा, गोठवलेला की प्रक्रिया केलेला, आणि तो कोणत्या वाहनाने आला, एवढे रकाने पुरतात. एकच भाजी चार बिलांत चार नावांनी येते. ती नावे एका संकेतांकाखाली आणावीत. जुडी, पेटी, डझन, डबा ही मापे प्रत्यक्ष वजन करून किलोत बदलावीत. त्यासाठी प्रत्येक प्रकारच्या काही पेट्या वेगवेगळ्या दिवशी काट्यावर ठेवाव्यात, कारण हंगामाच्या सुरुवातीची पेटी आणि अखेरची पेटी यांच्या वजनात बराच फरक पडतो.

एक चूक इतक्या वेळा घडते की तिचा वेगळा उल्लेख करतो. बहुतेक उत्सर्जन गुणांक, म्हणजे किलोभर पदार्थामागे किती उत्सर्जन होते ते सांगणारे आकडे, कच्च्या मालाचे असतात, तर स्वयंपाकघराच्या दैनंदिन अहवालात शिजलेले वजन असते. एक किलो तांदळाचा साधारण अडीच ते तीन किलो भात होतो. शिजलेल्या वजनाला तांदळाचा गुणांक लावला तर भाताचे उत्सर्जन अडीच ते तीन पट फुगते आणि संपूर्ण मोजणी भाताच्या विरोधात झुकते. तयार पदार्थ विकत घेत असाल तर कृतीतील घटकांची वजने पुरवठादाराकडून मागावीत. स्वयंपाक कंत्राटदाराकडे असेल तर ही माहिती देण्याची अट करारातच असावी, कारण करार झाल्यावर ती मिळवणे फार कठीण जाते.

पायरी ४: ढोबळ हिशेब करून भार कुठे आहे ते पाहा

आता प्रत्येक पदार्थाच्या वजनाला त्याच्या सरासरी उत्सर्जन गुणांकाने गुणावे. फ्रान्सचा आग्रिबालिझ, डेन्मार्कमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेला सुमारे ५०० पदार्थांचा हवामान माहितीसंच आणि स्वित्झर्लंडचा इकोइन्व्हेंट हे अशा गुणांकांचे नावाजलेले संच आहेत. आपल्या देशाचा संच उपलब्ध असेल तर त्याला प्राधान्य द्यावे. गुणांक उचलताना त्याच्यासोबत तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: तो शेताच्या बांधापर्यंतचा आहे की दुकानापर्यंतचा, त्यात जंगलतोडीसारखा जमीनवापरातील बदल धरला आहे का, आणि मिथेनचा कोणता गुणक वापरला आहे. दुकानापर्यंतच्या गुणांकात वाहतूक आधीच असते. त्यावर आपण आपली वाहतूक पुन्हा मिळवली तर ती दोनदा मोजली जाते.

आकड्यांचा आवाका ध्यानात यावा म्हणून काही जागतिक सरासऱ्या देतो. किलोमागे कार्बन डायऑक्साइड समतुल्य धरता बटाटा आणि कंदभाज्या अर्ध्या किलोच्या आत-बाहेर, वाटाणा सुमारे १ किलो, दूध सुमारे ३ किलो, तांदूळ ४ ते ४.५ किलो, अंडी साधारण ४.५ किलो, चीज २० किलोंहून अधिक आणि मांसासाठीच पाळलेल्या गुरांचे मांस ६० किलो किंवा त्याहूनही बरेच जास्त. या सरासऱ्यांनी केलेला पहिला हिशेब ढोबळ असतो, तरी मोजक्याच पदार्थांत बहुतांश भार एकवटलेला आहे हे त्यातून लगेच दिसते. पुढच्या पायऱ्यांत जी प्रत्यक्ष माहिती गोळा करायची, ती याच पदार्थांसाठी. कोथिंबिरीच्या शेतावर जाऊन डिझेल मोजण्यात कोणाचाही वेळ घालवू नये.

पायरी ५: शेताची प्रत्यक्ष माहिती

स्थानिक पुरवठ्याचा खरा लाभ कोणता, असे मला कोणी विचारले तर मी अंतराचे नाव घेणार नाही. शेतकरी जवळचा असेल तर त्याच्या शेतात काय घडते हे विचारता येते, पाहता येते आणि त्याच्याबरोबर बदलताही येते, हा तो लाभ आहे. एकाच पिकाच्या दोन उत्पादकांच्या उत्सर्जनात कित्येक पटींचा फरक असतो, हा २०१८ च्या त्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा निष्कर्ष होता. जागतिक सरासरी लावली की हा फरक पुसला जातो. मग स्थानिक आणि दूरच्या मालात फक्त वाहतुकीचाच फरक उरतो, आणि मोजणी ‘अंतर म्हणजेच सर्व काही’ असे आपोआप म्हणू लागते.

शेतकऱ्याला विचारायचे प्रश्न थोडके आणि त्याच्या नोंदींशी जुळणारे असावेत: किती क्षेत्र, किती उत्पादन, त्यातले किती विकले गेले, कोणते खत किती पोती, पंपाची वीज किंवा डिझेल किती, नांगरट आणि कापणीला किती इंधन, भात असेल तर शेतात पाणी सतत उभे होते की मधे सुकू दिले, जनावरे असतील तर खाद्य काय आणि कुठून आले. भातातला पाण्याचा प्रश्न कोणीही वगळू नये. पाणी सतत साचलेल्या चिखलात प्राणवायू पोचत नाही आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. शेत आलटून पालटून सुकवल्यास हे उत्सर्जन लक्षणीय घटते.

खताचा हिशेब जवळून पाहू. समजा, एका हेक्टर गव्हाला युरियातून १०० किलो नत्र दिले. आंतरसरकारी मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतील मूळ गुणांकानुसार दिलेल्या नत्रापैकी १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते, म्हणजे १ किलो नत्र. नत्राचे वजन वायूच्या वजनात बदलण्यासाठी त्याला ४४/२८ ने गुणले की १.५७ किलो नायट्रस ऑक्साइड मिळतो, आणि त्याला २७३ ने गुणले की सुमारे ४२९ किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य. इतके नत्र देण्यासाठी साधारण २१७ किलो युरिया लागतो, आणि तो जमिनीत विरघळताना आणखी सुमारे १५९ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोन्ही मिळून ५८८ किलो झाले. खतनिर्मितीचे उत्सर्जन यात अजून धरलेले नाही. हेक्टरी उत्पादन ४ टन असेल तर किलोमागे १४७ ग्रॅम पडतात, आणि अडीच टन असेल तर २३५ ग्रॅम. खत तेवढेच, पण उत्पादन घटले की दाण्यामागचा भार दीडपटीहून जास्त होतो. म्हणून उत्पादनाचा आकडा शेतकऱ्याच्या आठवणीवर न सोडता विक्रीच्या पावत्यांशी ताडून घ्यावा. मंडळाच्या २०१९ च्या सुधारणेत ओल्या आणि कोरड्या हवामानासाठी वेगळे गुणांक दिले आहेत. प्रदेश ठाऊक असेल तर ते वापरावेत.

ऋतूबाहेरच्या पिकांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘अन्नाचा प्रवास’ हा टिकाऊपणाचा विश्वासार्ह निर्देशक आहे का, याची तपासणी ब्रिटिश सरकारने २००५ मध्ये करून घेतली होती. तापवलेल्या काचगृहात ब्रिटनमध्येच पिकवलेल्या टोमॅटोपेक्षा स्पेनमधून ट्रकने आणलेल्या टोमॅटोचा ऊर्जाभार कमी असू शकतो, असे तीत दिसले. काचगृह किंवा दीर्घकाळ शीतगृह यांच्या आधारे साधलेली स्थानिकता सरासरी गुणांकाने कधीच मोजू नये.

जमिनीत साठलेल्या कार्बनचा दावा कोणी केला, तर तो मुख्य बेरजेतून वजा करू नये. मातीतला कार्बन बदलायला वर्षे लागतात, तो मोजण्यासाठी ठराविक खोलीचे पुनःपुन्हा नमुने घ्यावे लागतात, आणि एका नांगरटीने तो काही अंशी परतही जाऊ शकतो. मोजलेला असेल तर वेगळ्या ओळीत दाखवावा.

पायरी ६: वाहतूक अंतराने नव्हे, इंधनाने मोजा

वाहतुकीसाठी आयएसओ १४०८३ हे २०२३ चे प्रमाणक आहे. त्याचा गाभा असा की पूर्ण फेरी, म्हणजे रिकामी परतफेरीसुद्धा, मोजायची आणि ती वाहून नेलेल्या मालावर वाटायची. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. इंधन काढून शुद्ध करण्याचा भार धरला तर त्यावर आणखी पाचवा ते पाव हिस्सा चढतो. खालच्या उदाहरणात सोपेपणासाठी फक्त जळणाचा आकडा घेतला आहे.

समजा, ४० किलोमीटरवरून एक टेम्पो ४०० किलो भाजी घेऊन येतो आणि रिकामा परत जातो. लिटरला १० किलोमीटर या हिशेबाने ८ लिटर डिझेल, म्हणजे २१.४ किलो उत्सर्जन. किलो भाजीमागे ५४ ग्रॅम. दुसरीकडे ६०० किलोमीटरवरून १६ टन माल घेऊन एक ट्रक येतो. भरल्या गाडीने लिटरला ४ किलोमीटर धरले तर १५० लिटर, आणि रिकाम्या परतीला लिटरला ५ किलोमीटर धरले तर १२० लिटर. एकूण सुमारे ७२४ किलो उत्सर्जन, किलोमागे ४५ ग्रॅम. परतीला भाडे मिळत असेल तर हा आकडा २५ ग्रॅमपर्यंत उतरतो. बाजारापासून स्वयंपाकघरापर्यंतची छोटी फेरी त्यात मिळवायची राहिली आहे, पण तरीही पंधरापट लांबून आलेला माल बरोबरीत येऊन उभा राहतो.

आता तोच टेम्पो पाच शेतकऱ्यांचा माल एकत्र करून १,२०० किलो भरून आला, तर जास्त वजनामुळे साडेआठ लिटर डिझेल लागले असे धरूनही किलोमागे १९ ग्रॅमच पडतात. म्हणजे स्थानिक पुरवठ्याची वाहतूक स्वच्छ होते ती माल एकत्र केल्याने, पुरवठ्याच्या फेऱ्या आठवड्याला कमी केल्याने आणि परतीच्या गाडीत रिकामे क्रेट पाठवल्याने. हे तीनही निर्णय खरेदी अधिकाऱ्याच्या हातातले आहेत.

या ग्रॅमांचे महत्त्व पदार्थानुसार ठरते. अर्ध्या किलोच्या आसपास उत्सर्जन असलेल्या बटाट्यात ५४ ग्रॅम म्हणजे दहावा हिस्सा. तिथे वाहतूक सुधारणे सार्थ आहे. चार किलोंच्या तांदळात तो सव्वा टक्क्याच्या आसपास येतो. विमानाने आलेला माल मात्र वेगळ्याच कोटीतला आहे: टन-किलोमीटरला, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे, साधारण १.१३ किलो या दराने ६,००० किलोमीटरच्या विमानप्रवासाचा भार किलोमागे पावणेसात किलोंपर्यंत जातो, तर तेवढ्याच अंतराच्या जहाजप्रवासाचा सुमारे ६० ग्रॅम. नाशवंत आणि महाग फळभाज्यांच्या बाबतीत हा प्रश्न जरूर विचारावा.

लॉगबुक मिळत नसेल तर वाहनाचा प्रकार, भरलेले वजन आणि अंतर यांवरून टन-किलोमीटरचे प्रमाण गुणांक वापरावेत. शीत वाहनांचा गुणांक वेगळा आणि जास्त असतो.

पायरी ७: साठवण, शिजवणे आणि नासाडी

शीतकपाटांची वीज मीटरवरून घ्यावी आणि तिला त्या वर्षीचा, त्या वीजजाळ्याचा गुणांक लावावा. शीतकपाटात वर्षभरात किती वायू पुन्हा भरावा लागला, हे दुरुस्तीच्या बिलांवरून कळते. तो आकडा सहसा कोणी विचारत नाही. आर-४०४ए या जुन्या शीतकारकाचा गुणक ३,९२२ आहे, म्हणजे त्याची एक किलो गळती जवळजवळ चार टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीची.

नासाडी तीन वेगवेगळ्या पिंपांत मोजावी: भांडारात खराब झालेले, शिजवूनही न वाढलेले आणि ताटात टाकलेले. साली, देठ, हाडे यांसारखा न खाण्याजोगा भाग वेगळा ठेवावा, नाहीतर ताज्या भाज्या वापरणारे स्वयंपाकघर उगाच उधळे दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले २८ टक्के खानपान सेवांतले होते. सार्वजनिक स्वयंपाकघरे याच गटात येतात. विकत घेतलेल्या अन्नातले १२ टक्के वाया जात असेल, तर खाल्ल्या गेलेल्या प्रत्येक किलोसाठी १.१४ किलोचे उत्पादन करावे लागते, आणि त्या जादा मालाचा शेतापासूनचा सगळा भार ताटावर चढतो. वर तो कचरा उघड्या भरावात कुजला तर मिथेन वेगळाच. स्थानिक पुरवठ्याचा इथला परिणाम दोन्ही दिशांनी होतो: ताजा माल जास्त टिकतो, परंतु एकदम आलेला हंगामी माल वेळेत वापरता आला नाही तर भांडारातले पिंप भरते. दोन्ही शक्यता असल्याने हे गृहीत न धरता वजन करूनच ठरवावे.

पायरी ८: खरी तुलना

स्थानिक पुरवठा सुरू झाला नसता तर काय विकत घेतले असते, हा या सगळ्या मोजणीचा कणा आहे. पायाभूत वर्षाची, म्हणजे उपक्रम सुरू होण्याआधीच्या वर्षाची, खरेदी हे त्याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर असते, पण तुलना त्याच महिन्यांची, त्याच ताटांच्या संख्येची आणि त्याच पोषणाची हवी.

अडचण अशी असते की स्थानिक खरेदीचा उपक्रम एकटा येत नाही. त्याच्याबरोबर खाद्यसूची बदलते, हंगामी भाज्या वाढतात, मांस किंवा चीज कमी होते, नासाडीवर लक्ष जाते. समजा, ताटामागचे उत्सर्जन १.२० किलोंवरून ०.९६ किलोंवर आले. अहवाल लिहिणारा सहज म्हणेल की स्थानिक पुरवठ्याने २० टक्के बचत केली. हा बदल सुटा करून पाहिला पाहिजे. जुनी खाद्यसूची, जुने पुरवठादार, जुनी वाहतूक आणि जुनी नासाडी यांपासून सुरुवात करून एकेक घटक नवा घालत जावे आणि दर वेळी बेरीज काढावी. ०.२४ किलोंपैकी ०.१६ खाद्यसूचीमुळे, ०.०५ नासाडी घटल्यामुळे, ०.०२ शेतीच्या पद्धतीमुळे आणि ०.०१ वाहतुकीमुळे, असे काहीसे चित्र निघू शकते. घटक कोणत्या क्रमाने बदलले यावर हे वाटे थोडे हलतात, म्हणून उलट क्रमानेही गणित करून दोहोंची सरासरी घ्यावी. अशी फोड ज्या अहवालात नसेल, त्यातल्या बचतीचे श्रेय स्थानिक पुरवठ्याला देऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

आणखी एक तपासणी करावी. संस्थेने घेतलेला जवळचा माल आधी जवळच्याच बाजारात विकला जात होता का? तसे असेल तर तो बाजार आता दुसरीकडून माल आणेल. संस्थेच्या वहीत बचत दिसेल आणि प्रदेशाच्या वहीत ती कदाचित दिसणार नाही. उलट, संस्थेच्या खात्रीशीर मागणीमुळे नवी लागवड झाली किंवा वाया जाणारा माल वापरात आला, तर परिणाम खरा आहे. शेतकऱ्यांना विचारायच्या प्रश्नांत ‘हा माल पूर्वी कुठे जात होता’ हा प्रश्न त्यासाठीच घालावा.

पायरी ९: अनिश्चितता, अहवाल आणि खरेदीतला उपयोग

प्रत्येक आकड्यापुढे त्याचा दर्जा लिहावा: प्रत्यक्ष मोजलेला, पुरवठादाराने सांगितलेला की सरासरी संचातून घेतलेला. मग सर्वांत वजनदार पाच-सहा गृहीतके एकेक करून वर-खाली करून पाहावीत. दोन पर्यायांमधला फरक या हालचालीत पुसला जात असेल तर ‘फरक आढळला नाही’ असे स्पष्ट लिहावे. हाही एक उपयुक्त निकाल आहे. शेतीच्या उत्सर्जनात दशांशाच्या तीन स्थानांपर्यंतचा निकाल छापण्याला काहीही आधार नसतो. गुणांकांचा संच बदलला तर पायाभूत वर्षही नव्या संचाने पुन्हा काढावे.

निविदेत हे मोजमाप आणताना अंतराला गुण देण्याऐवजी ताटामागच्या उत्सर्जनाला, माल एकत्र करून आणण्याला, हंगामाप्रमाणे पुरवठ्याला आणि माहिती देण्याच्या तयारीला गुण द्यावेत. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये आपल्या सरकारी अन्नखरेदीचे उत्सर्जन २०३० पर्यंत ३३ टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. तिथे लक्ष्य संपूर्ण खरेदीच्या भाराचे आहे, किलोमीटरचे नाही.

लहान शेतकऱ्यावर माहितीचा बोजा टाकताना फार जपावे लागते. मोठा पुरवठादार सल्लागार नेमून सुबक अहवाल देतो. दोन एकरवाल्याकडे पावत्यांची पिशवी असते. मोजणीच्या नावाखाली तोच स्पर्धेतून बाहेर फेकला गेला तर सार्वजनिक खरेदीने अन्याय केला असे म्हणावे लागेल. संस्थेने स्वतःचा माणूस पाठवून, प्रत्येक पिकाच्या मोजक्या प्रातिनिधिक शेतांची माहिती घ्यावी आणि ती त्या गटातल्या सर्वांना लावावी. रोजगार, ताजेपणा, संकटकाळातली पुरवठ्याची खात्री हे स्थानिक खरेदीचे लाभ अहवालात आवर्जून मांडावेत, पण त्यांच्या स्वतःच्या शीर्षकाखाली. कार्बनच्या आकड्यात ते मिसळले की दोन्हींवरचा विश्वास उडतो.

खरेदीची वजने आणि नासाडी यांची नोंद दर महिन्याला व्हावी, वाहतुकीची पाहणी वर्षातून दोन हंगामांत आणि शेतांची तपासणी दर दोन-तीन वर्षांनी किंवा पुरवठादार बदलला की व्हावी. हे काम कोणा एका उत्साही अधिकाऱ्याच्या संगणकात न राहता भांडारपालाच्या रोजच्या नोंदवहीतच त्याचे रकाने असावेत, म्हणजे अधिकारी बदलला तरी पुढच्या वर्षीची तुलना करता येते.